एका मिलिमीटरचा हिशोब : छोट्या चाकूंना हाताने धार लावताना

हे लिहायचं कारण सरळ आहे. दगडावर धार लावायची माहिती शोधायला गेलं की जिकडे तिकडे रुंद पात्याची मोठी सुरी दिसते. माझ्याकडे तशी सुरी नव्हतीच. होते ते सगळे लहान चाकू: स्वयंपाकघरातली सोलायची सुरी, खिशात मावणारा घडीचा चाकू, लाकूड कोरायचा एक, आणि पेन्सिल, दोरा, पुठ्ठा असल्या किरकोळ कामांसाठीचा एक जुना, पातळ पात्याचा. सगळेच बोथट. जानेवारीत हातात दगड घेतला आणि जून उजाडेपर्यंत चौघेही मनासारखे कापू लागले. मधल्या काळात कुठे अडलं, कशाची वाट बघावी लागली, पैसे कुठे गेले, ते क्रमाने लिहिते.

फिरत्या चाकावर देऊन मोकळं व्हायचा पर्याय होताच. पण छोट्या पात्यात धातू मुळातच कमी. चाकावर धरलं की धारेची पातळ कड क्षणात तापते, आणि पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कठीणपणा, उतरायला तेवढं पुरतं. साध्या कार्बन पोलादाच्या चाकूचं पाणी साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून बेतलेलं असतं. त्याच्या वर गेलं की पात्यावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, आणि 300 च्या जवळ निळा. निळा डाग दिसला की तिथलं पाणी गेलं, धार लावली तरी टिकणार नाही. हाताने घासताना दगड ओला असतो, वेग कमी असतो, त्यामुळे ही भीती राहत नाही. शिवाय चाक एका फेरीत जेवढा धातू खातं, तेवढा दगड कितीतरी महिन्यांत खात नाही. पंधरा मिलिमीटर रुंदीच्या पात्याला तो फरक परवडत नाही.

खाचेतून ओढायचं ते छोटं यंत्रही बघून ठेवलं होतं. त्यात कार्बाइड या फार कठीण पदार्थाच्या दोन पट्ट्या असतात, त्या धार घासत नाहीत, तासतात. कोन ठरलेला, बदलता येत नाही. आणि मुठीजवळचा पात्याचा शेवटचा भाग त्या खाचेत पोचतच नाही. लांब सुरीत तेवढं चालून जातं. लहान सुरीत तोच भाग सगळ्यात जास्त वापरात असतो.

तेव्हा दगडच. पण कुठला? जानेवारीचे पुढचे आठवडे या एका प्रश्नात गेले. दगडावर छापलेला आकडा म्हणजे ग्रिट. आकडा लहान तर दाणा मोठा आणि दगड खरखरीत, आकडा मोठा तर दाणा बारीक. इथवर सोपं. गोंधळ पुढे आहे, कारण ग्रिट मोजायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. युरोपीय पद्धतीत आकड्याआधी ‘पी’ हे अक्षर लावतात, पॉलिश पेपरच्या पाठीवर ते दिसतं. त्या पद्धतीचा 1000 म्हणजे सुमारे 18 मायक्रॉनचा दाणा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अमेरिकी पद्धतीचा 1000 म्हणजे सुमारे 9 मायक्रॉन, म्हणजे जवळपास निम्मा. जपानी पद्धतीचा या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. आकडा तोच, दगड वेगळा. म्हणून दोन वेगळ्या बनावटींचे दगड नुसत्या आकड्यांवरून एकमेकांशी ताडून बघू नयेत. एकाच बनावटीचे दोन घ्यावेत, म्हणजे पायऱ्या तरी सरळ राहतात.

मी शेवटी दोन बाजूंचा पाण्याचा दगड मागवला, एका अंगाला 400, दुसऱ्या अंगाला 1000. चारही चाकूंची किंमत एकत्र केली तरी दगड त्याहून महाग पडला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे घरात कुणी हिशोब विचारला तर उत्तर तयार असेल. तेलाचा दगड स्वस्त मिळाला असता. पण एकदा तेल मुरलं की त्या दगडावर पुन्हा पाणी वापरता येत नाही, आणि तेल वापरायचं तर खनिज तेलच हवं. खायचं तेल काही दिवसांनी चिकट होऊन दगडाची छिद्रं बुजवतं.

दगड यायला वेळ लागला. मागवलेला तेव्हा शिल्लक नव्हता, आणि मग पार्सल वाटेत कुठेतरी पडून राहिलं. या मधल्या दिवसांचा मला झालेला उपयोग सांगते, कारण ज्यांना एवढा खर्च लगेच करायचा नाही त्यांच्यासाठी तो पुरेसा आहे. जाड काचेच्या तुकड्यावर पाणी शिंपडून ओला चालणारा काळा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि त्यावर चाकू घासायचा. काळा पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो. हा पदार्थ एडवर्ड अ‍ॅचेसन यांना 1891 मध्ये कृत्रिम हिरे करायचा खटाटोप करताना हाती लागला, आणि आजही तो दगडांत, चाकांत, कागदांत सगळीकडे असतो. पेपरवर चाकू फक्त मागे ओढायचा, पाठ पुढे आणि धार मागे. धार पुढे करून ढकलला की कागद फाटलाच. पेपर लवकर झिजतो, त्यामुळे वर्षभराचा हिशोब केला तर दगड महाग राहत नाही. पण हाताला सवय लागायला पेपर उत्तम.

फेब्रुवारीत दगड आला. बरोबरच्या कागदावर भिजवायची वेळ दिली होती. ती वाचा, अंदाजाने जाऊ नका. सच्छिद्र दगड दहा ते वीस मिनिटं पाण्यात बुडवावा लागतो, त्यातून बुडबुडे यायचे थांबले की तो तयार झाला. काही दगड मात्र नुसतं पाणी शिंपडून वापरायचे असतात, आणि ते तासन् तास बुडवून ठेवले तर ठिसूळ होतात. दगडाखाली ओला, घट्ट पिळलेला टॉवेल घातला की तो जागचा हलत नाही. ओट्याची उंची कंबरेच्या थोडी खाली असेल तर खांदे आखडत नाहीत. उजेड समोरून आणि थोडा बाजूने यावा. या उजेडाचं महत्त्व मला पुढे कळलं.

आता त्या एका मिलिमीटरचा हिशोब.

धार लावणं म्हणजे पातं दगडावर ठरलेल्या कोनात धरणं आणि तो कोन शेवटपर्यंत न बदलणं. छोट्या चाकूला एका बाजूने साधारण 15 ते 20 अंश असतात. दोन्ही बाजू मिळून 30 ते 40. हातात कोनमापक धरून कुणी बसत नाही, म्हणून पात्याची पाठ दगडापासून किती वर उचलायची ते मोजून बघावं. मी पात्याची रुंदी पट्टीने मोजली आणि शाळेतला साइन बाहेर काढला. 45 मिलिमीटर रुंदीच्या मोठ्या सुरीला 15 अंशांसाठी पाठ साडेअकरा मिलिमीटर उचलावी लागते, 20 अंशांसाठी सव्वापंधरा-साडेपंधरा. म्हणजे पाठ एक मिलिमीटर वरखाली झाली तर कोन जेमतेम सव्वा अंशाने हलतो. माझा जुना, पातळ चाकू 12 मिलिमीटर रुंद आहे. त्याला 15 अंशांसाठी 3.1 मिलिमीटर आणि 20 अंशांसाठी 4.1. इथे एक मिलिमीटर म्हणजे पाच अंश. पात्याची जाडी धरली तर आकडे थोडे सरकतात, पण मुद्दा तोच राहतो: मोठ्या सुरीवर हात जेवढा थरथरला तरी खपून जातं, तेवढ्यात छोट्या चाकूची धार गोल होते.

हा हिशोब कागदावर मांडल्यावर मनावरचं ओझं बरंच उतरलं. तोवर वाटत होतं की लहान पातं म्हणजे काम लहान, आणि ते जमत नाही म्हणजे हातातच काही कमी आहे. उलट आहे. ज्यांना शिकायचंच आहे त्यांनी रुंद पात्यावर आधी हात बसवावा आणि मग छोट्याकडे यावं. माझ्याकडे रुंद पातं नसल्याने मला तो रस्ता नव्हता.

उंची राखायला दोन गोष्टींनी मदत केली. पुठ्ठ्याच्या पट्टीच्या घड्या घालून मी तीन-साडेतीन मिलिमीटरची एक थप्पी केली. घासायला बसण्याआधी पाठ त्या थप्पीवर टेकवायची, हाताला आणि डोळ्याला तो कोन दाखवायचा, मग थप्पी काढून घ्यायची. दुसरी गोष्ट म्हणजे मनगट गोठवणं. हालचाल कोपरातून आणि खांद्यातून यायला हवी. मनगट वळलं की पाठ वर जातेच. डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर, जिथे घासतोय तिथेच, पण धारेच्या अगदी कडेला नाही. आणि सुरुवातीला हळू. इतकं हळू की बघणाऱ्याला कंटाळा यावा.

पहिल्या दिवसापासून वापरावी अशी एक युक्ती म्हणजे मार्कर. धारेलगतच्या उतारावर दोन्ही बाजूंनी न पुसणाऱ्या मार्करची शाई फासायची आणि दगडावर पातं दोन-तीनदा फिरवून बघायचं. शाई पाठीकडच्या बाजूने गेली आणि धारेवर राहिली, तर कोन फार निजलेला आहे. फक्त धारेच्या टोकावरची गेली तर कोन फार उभा. सबंध पट्टा साफ झाला तर आधीच्या कोनाशी आपला कोन जुळला. माझ्या घडीच्या चाकूवर शाई मधोमध जाई, मुठीजवळ आणि टोकाजवळ तशीच राही. टोकाजवळ पातं वळतं, आणि हात सरळ रेषेत चालला तर तो वळणारा भाग दगडाला लागतच नाही. वळणावर आलं की मूठ किंचित वर उचलावी लागते, नाहीतर पातं दगडावर किंचित फिरवावं लागतं. किती, ते शाईच सांगते. लहान पात्यात या वळणाचा वाटा मोठा असतो, म्हणून हे टाळून चालत नाही.

फेब्रुवारी सरला तरी चाकू कापेनात. पात्यावर छान चमकदार पट्टा दिसे आणि कागदावर धरला की कागद दुमडे. याचं उत्तर मला सुतारकाम करणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडून मिळालं. त्यांच्या पेटीत वर्षानुवर्षं वापरून मधे खोल झालेला एक निसणा आहे. मी चाकू आणि माझे आकडे दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पाठीकडून धारेकडे अंगठा फिरवला आणि म्हणाले, “अगं, बर कुठे आलीये? ती यायच्या आधीच बाजू बदलतेस तू.”

एका बाजूने घासत घासत दोन्ही उतार जिथे मिळतात तिथवर पोचलं की तिथला धातू पलीकडे वळतो. पलीकडच्या बाजूला केसाहून बारीक कड उभी राहते. कारखान्यात तिला बर म्हणतात. बर आली याचा अर्थ या बाजूचं काम धारेच्या टोकापर्यंत पोचलं. नाही आली तर कितीही चमक येऊ दे, टोक अजून बोथटच आहे. किती वेळा घासायचं याला ठरीव आकडा नसतो, कारण कोण किती बोथट आहे त्यावर ते अवलंबून. बोथट चाकूवर 400 च्या बाजूने एकेका अंगाला बराच वेळ जातो. बारीक दगडावर ते काम करायला बसलं तर संध्याकाळ जाते.

बर शोधायची रीत: अंगठा पाठीवर ठेवायचा आणि धारेच्या दिशेने, धारेच्या पलीकडे असा आडवा हलकेच सरकवायचा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवायचं नाही. बर असेल तर बोट सुटताना किंचित अडतं. टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे अडायला हवं. मधे एवढीशी जागा गुळगुळीत लागली तर तेवढ्याच भागावर परत घासायचं. बोटाला कळत नसेल तर कापसाचा बोळा तसाच फिरवा, तंतू अडकतात. आणि धार डोळ्यांसमोर, दिव्याकडे करून धरली तर जिथे बोथट असेल तिथे उजेडाची बारीक रेघ चमकते. तीक्ष्ण धारेवर उजेड थांबायला जागाच नसते. मार्चमध्ये एका रविवारी सोलायच्या सुरीवर पहिल्यांदा सबंध लांबीभर बर लागली. तो आनंद सांगण्यासारखा आहे, पण खरं काम पुढेच होतं.

कारण बर काढणं हे आणण्यापेक्षा अवघड आहे. बर आलेला चाकू कागद कापतो, अगदी झोकात कापतो, आणि आपण समजतो की झालं. मग दोनदा वापरला की पुन्हा बोथट. कापत होती ती बरच होती, ती मोडून पडली आणि खाली धार नव्हतीच. म्हणून पहिली बर आल्यावर दुसऱ्या बाजूने घासून ती इकडे आणायची, मग 1000 वर जाऊन पुन्हा दोन्ही बाजूंनी, आणि तिथून पुढे दाब कमी कमी करत एकदा ही बाजू, एकदा ती. शेवटच्या फेऱ्यांत चाकूचं स्वतःचं वजन तेवढंच. धार पुढे करून, दगडावरून पातळ साल काढायची असल्यासारखं हलकं ढकलायचं. या फेऱ्यांत पाठ केसभर जास्त उचलली, दोन-तीन अंश, तर बर मुळापासून निघायला मदत होते. काही जण या टप्प्याला लाकडाच्या कडेवरून धार ओढून बर तोडून टाकतात. मी करत नाही. बर मोडते खरी, पण तुटलेल्या जागी धार खरबरीत राहते.

चारही चाकूंचा स्वभाव वेगळा निघाला, म्हणून एकेकाविषयी थोडं.

लाकूड कोरायचा चाकू सगळ्यात शहाणा. त्याचा उतार पात्याच्या जवळजवळ मध्यापासून सपाट सुरू होतो आणि थेट धारेपर्यंत जातो. तो सपाट भाग दगडावर पूर्ण टेकवला की कोन आपोआप बसतो, पाठ उचलायचा प्रश्नच नाही. दाब धारेकडच्या बाजूला ठेवायचा एवढंच. मात्र उतार रुंद असल्याने धातू जास्त काढावा लागतो आणि वेळही जास्त लागतो. लाकडाच्या कामाला धार गुळगुळीत हवी, नाहीतर लाकडावर रेघा उमटतात. त्याच्यासाठी पुढे 3000 चा दगड घेतला. बाकीच्या तिघांना 1000 पुरतो, हे आता ठामपणे म्हणेन. अगदी गुळगुळीत धार दोरा आणि मऊ साल यांच्यावरून घसरते. किंचित खरखर असलेली धार त्यांत लगेच शिरते.

घडीचा चाकू सगळ्यात हट्टी. त्याचं पातं पावडर पद्धतीने केलेल्या पोलादाचं आहे आणि त्यात व्हॅनेडियम बरंच आहे. व्हॅनेडियमचे कार्बाइड दाणे साध्या दगडातल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असतात. दगड आजूबाजूचा धातू घासतो आणि ते दाणे तसेच राहतात. पाण्याचा दगड त्यावर नुसता घसरत होता. एप्रिलमध्ये हिऱ्याची कणी बसवलेली पत्र्याची पाटी घेतली, तेव्हा बर आली. हा दुसरा मोठा खर्च. हिऱ्याच्या पाटीला भिजवावं लागत नाही आणि ती सपाटच राहते. पण दाब अजिबात द्यायचा नाही, कणी उपटून येते. नवीन पाटी पहिले काही दिवस वाजवीपेक्षा जास्त ओरखडते, मग शांत होते. आपल्या चाकूचं पोलाद कुठलं ते अनेकदा पात्यावर कोरलेलं असतं किंवा खोक्यावर छापलेलं असतं. दगड मागवण्याआधी ते वाचलं तर हा खर्च पुढे-मागे करता येतो.

घडीच्या चाकूबाबत आणखी दोन गोष्टी. बसण्याआधी कुलूप नीट लागतं का ते पाठीवर दाब देऊन बघा, घासताना पातं बोटांवर मिटलं तर काय होईल ते सांगायला नको. आणि उघडायची गुंडी पात्याला असेल तर ती दगडाच्या कडेला आपटते, म्हणून दगडाची बाहेरची कड वापरायची आणि गुंडी हवेत ठेवायची. काम झाल्यावर बिजागरीत गेलेलं पाणी आणि दगडाचा गाळ धुवून, वाळवून, तेलाचा एक थेंब.

सोलायच्या सुरीचं पोलाद मऊ आहे. स्वस्त स्टेनलेस सुऱ्यांचं सहसा तसंच असतं. ती लवकर धारदार होते, लवकर बोथटते, आणि तिची बर चिवट, इकडून तिकडे नुसती लोळते. तिला 15 अंशांचा कोन झेपत नाही, धार दुमडते. 20 वर आणली तेव्हा टिकू लागली. बारीक कोन म्हणजे चांगली धार असं जे सर्रास सांगतात ते पोलादाचा कस बघून सांगायला हवं.

जुन्या, पातळ चाकूने वेळ घेतला तो टोकासाठी. आधी कुणीतरी चाकावर धरलेला असावा, टोक गोल झालं होतं. टोक परत आणायचं तर धार टोकापर्यंत नेऊन भागत नाही, पाठीच्या बाजूने धातू कमी करावा लागतो. धारेकडून टोक शोधायला गेलं तर पातं अरुंद होत जातं. पाठ 400 वर उभी धरून टोकाजवळ थोडी थोडी उतरवली. घासताना टोक दगडाच्या कडेवरून खाली घसरू द्यायचं नाही, नाहीतर ते पुन्हा गोल होतं. पात्याचा शेवट दगडावरच थांबवायचा.

मे महिना पट्ट्याचा, म्हणजे दगडानंतर धार शेवटची साफ करायच्या चामड्याचा. लाकडी फळीवर चामड्याचा तुकडा, खरबरीत बाजू वर, चिकटवला आणि त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी घासली. त्याचे दाणे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतात. इथे पाठ पुढे, धार मागे, नेहमीच. दाब नावाला. चामडं मऊ असतं, जोर दिला की ते धारेभोवती वर येतं आणि कमावलेलं टोक गोल करून टाकतं. फेरी संपताना चाकू उचलून घ्यायचा, मग पाठीवर वळवायचा. धारेवर वळवला की चामड्यालाही चीर आणि धारेलाही इजा. चामडं नसेल तर फळीवर ताणून बसवलेलं जुनं जीनचं कापडही चालतं.

झालं का हे बघायला दंडावरचे केस भादरायची गरज नाही. पातळ कागद हातात लोंबता धरून मुठीपासून टोकापर्यंत सबंध पातं त्यातून न्यायचं. जिथे कागद अडतो किंवा फाटल्याचा आवाज येतो, तिथे बर राहिली आहे किंवा धार बोथट आहे. कागदाला तंतूंची दिशा असते, एका दिशेने तो सहज कापला जातो आणि दुसऱ्या दिशेने चाकूची परीक्षा होते, तेव्हा दोन्हीकडून बघावं. दुसरी परीक्षा अंगठ्याच्या नखावर, चाकू वजनाशिवाय तिरका टेकवायचा. चावला तर ठीक, घसरला तर दगडाकडे परत.

बोट कापण्याविषयी एवढंच लिहिते की धोका घासताना कमी आणि पुसताना जास्त. पातं फडक्याने पुसताना पाठीकडून धारेकडे, फडकं सुटत जाईल असं पुसा. नेम चुकतोय किंवा डोळे दमलेत असं वाटलं की उठा, पातं कुठे जात नाही. नव्याने धार लावलेला चाकू घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बोथट चाकूची सवय असलेला हात त्यावर जास्त जोर देतो.

वेळेचा अंदाज हवा असेल तर: अगदी बोथट झालेल्या छोट्या चाकूला पहिल्यांदा पूर्ण बैठक लागते, भिजवणं आणि आवराआवर धरून तास सहज जातो. एकदा कोन बसला की पुढच्या वेळी 1000 वर काही मिनिटांत भागतं, आणि त्याच्या मधल्या काळात पट्ट्यावरच्या चार फेऱ्यांनी काम चालतं. नखावर घसरायला लागला की मगच दगड. रोज दगड लावायची हौस आली तर ती पुठ्ठा कापणाऱ्या चाकूवर भागवा, पुठ्ठ्यासारखं धार खाणारं दुसरं काही नाही.

दगडाचीही देखभाल असते, हे मला उशिरा समजलं. छोटे चाकू दगडाच्या मधल्याच पट्ट्यावर फिरतात, त्यामुळे तो मधे खोल होतो, आणि खोलगट दगडावर कोन राखणं अशक्य. दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, काचेवर खरखरीत पॉलिश पेपर ओला करून पसरायचा आणि दगड त्यावर पालथा घासायचा. सगळ्या रेघा गेल्या की सपाट झाला. मधल्या रेघा राहिल्या तर तिथे खोलगा आहे. मी आता प्रत्येक दोन-तीन बैठकींनंतर करते, दगड फार बिघडल्यावर करायला गेलं तर हात भरून येतात. घासताना मुद्दाम कडांचाही वापर केला तर हे काम इतक्या लवकर करावं लागत नाही. दगड सावलीत, उभा करून, पूर्ण वाळू द्यायचा. ओला दगड डब्यात बंद केला तर वास येतो, आणि उन्हात किंवा शेकोटीजवळ घाईने वाळवला तर तडकतो.

धार लावता येते हे कळल्यापासून लोक आपापले चाकू आणून ठेवू लागलेत. त्यातल्या बहुतेकांचा निकाल लागतो. मैत्रिणीने दिलेला एक मात्र तसाच पडून आहे. त्याचं पातं मधे आतल्या बाजूला वळलेलं आहे आणि सपाट दगड त्या पोटात पोचत नाही, कडेने घासायला गेलं तर वळणाच्या दोन्ही बाजूंना खाचा पडतील. त्याला गोल सिरॅमिकची कांडी लागते. ती मागवली आहे, अजून आलेली नाही.